मदत हवी आहे: ट्विस्टसकट टिकेल अशी जॉयस्टिक कोणती?

मंडळी, घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी नवी जॉयस्टिक घ्यायची आहे, ट्विस्टवाली, म्हणजे काठी स्वतःभोवती फिरवून विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवता येतं ती. सध्याचीत पोटेंशियोमीटर (काठी किती हलली ते घासत्या पट्टीवरून मोजणारे भाग) आहेत. आतली पट्टी घासली गेल्यामुळे हात काढला तरी विमान डावीकडे कलतं. डेडझोन (मधला, काठी हलवली तरी परिणाम न होणारा भाग) वाढवून वेळ निभावतो, पण उतरताना बारीक हालचाल जमत नाही. आधी काहीच होत नाही, मग एकदम नाक खाली!

म्हणून हॉल इफेक्ट सेन्सरवालीच घ्यायची, हे नक्की. चुंबकावर चालतो, घासायला काही नाही. पण मेख अशी की थ्रस्टमास्टर टी.१६०००एममध्ये मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर असला तरी ट्विस्टला पोटेंशियोमीटरच आहे. माझ्याकडे रडर पेडल (तेच नाक वळवण्याचं काम पायाने करायचे पेडल) नाहीत, त्यामुळे सगळा मार ट्विस्टवरच (टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना तर विचारू नका). व्हीकेबी ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हीओमध्ये ट्विस्टलाही घर्षणरहित सेन्सर असल्याने कल तिकडे आहे.

ज्यांनी ती भरपूर वापरली आहे त्यांनी सांगावं: स्प्रिंग सैल पडते का? ट्रिगर आणि हॅट स्विच (अंगठ्याने चारी दिशांना ढकलायचं बटण) कितपत टिकतात? की काठी साधीच घेऊन पेडल वेगळे घ्यावेत? मी फक्त प्रवासी आणि छोटी विमानं उडवतो, लढाऊ नाही, तेव्हा बटणांचा डोंगर नको.