ॲनालिसिसचे सर उत्तर सांगतच नाहीत. तक्रारीच्या अर्जावर सही करावी का?

कोरी वही:

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझा मुख्य विषय गणित आहे. आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी असून वर्गातल्या बहुतेकांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आहे. या सत्रात रिअल ॲनालिसिस (वास्तव संख्या आणि त्यांवरील फले, म्हणजे फंक्शन, यांचा काटेकोर अभ्यास) शिकवणाऱ्या सरांविषयी वर्गात बरीच नाराजी आहे आणि त्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

सर फळ्यावर एक व्याख्या लिहितात, तिच्याखाली दोन-तीन विधाने लिहितात आणि कोणाच्या तरी हातात खडू देऊन स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. विधान खरे वाटत असेल तर सिद्ध करायचे, खोटे वाटत असेल तर प्रतिउदाहरण द्यायचे. फळ्याजवळचा विद्यार्थी अडला तरी ते उत्तर सांगत नाहीत, "हा डेल्टा कशाकशावर अवलंबून आहे?" एवढेच विचारतात. (फलाच्या किमतींतला फरक दिलेल्या मर्यादेत, म्हणजे एप्सिलॉनच्या आत, ठेवण्यासाठी दोन बिंदू किती जवळ घ्यायचे ते अंतर म्हणजे डेल्टा.) नोट्स मिळत नाहीत, आणि पूर्ण झालेली सिद्धता बरोबर आहे की नाही हेही वर्गानेच ठरवावे असा त्यांचा आग्रह असतो.

'क्षचा वर्ग हे फल सर्व वास्तव संख्यांवर कंटिन्युअस आहे, परंतु युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही' हे विधान माझ्या वाट्याला आले होते. कंटिन्युअस म्हणजे दिलेल्या एप्सिलॉनसाठी प्रत्येक बिंदूला आपापला डेल्टा सापडतो; युनिफॉर्मली कंटिन्युअस म्हणजे सर्व बिंदूंना मिळून एकच डेल्टा पुरतो. मी क्षची एक किंमत धरून डेल्टा काढू लागले, तेव्हा सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि क्ष मोठा होत गेला की डेल्टा लहान करत न्यावा लागतो हे मला फळ्यावरच दिसले. त्यानंतर बराच वेळ कोणालाच काही सुचेना. अखेर एका मुलाने सुचवले, की समोरच्याने डेल्टा कितीही लहान दिला तरी आपण क्ष हा एक भागिले डेल्टा एवढा घ्यावा आणि दुसरा बिंदू त्याच्यापुढे अर्ध्या डेल्टावर घ्यावा. दोन्हींच्या वर्गांची वजाबाकी केली तर एक अधिक डेल्टाच्या वर्गाचा चौथा भाग एवढे उरते. म्हणजे बिंदूंमधले अंतर डेल्टाहून कमी असूनही किमतींतला फरक एकाच्या वरच राहतो. ही सिद्धता आता मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल, पण त्या एका विधानात जवळजवळ संपूर्ण तासिका गेली.

पोर्शन मागे पडला आहे. ज्यांना फळ्यावर जायची धडकी भरते अशा काही मुली तासालाच येईनाशा झाल्या आहेत. वर्गाने विभागप्रमुखांना द्यायचा अर्ज तयार केला असून त्यात 'सर शिकवत नाहीत, शिक्षक बदलून मिळावेत' अशी मागणी आहे. सही करावी का, आणि शिकवण्याची अशी काही मान्य पद्धत आहे का, हे माझे दोन प्रश्न आहेत.

जुना विद्यार्थी:

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अशी पद्धत आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ली मूर हे १९२० पासून १९६९ पर्यंत साधारण याच रीतीने शिकवत, आणि गणितात ती मूर पद्धत या नावाने ओळखली जाते. व्याख्या आणि विधाने तेवढी द्यायची, पुस्तक उघडायचे नाही, एकमेकांना विचारायचे नाही, आणि ज्याला सिद्धता सापडली असेल त्याने ती वर्गापुढे मांडायची. आर. एच. बिंग आणि मेरी एलन रुडिन यांच्यासारखे नामवंत टोपॉलॉजिस्ट (आकार ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांचा अभ्यास करणारे गणिती) त्यांच्या हाताखाली तयार झाले. मात्र याच मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात बसू देण्यास नकार दिला होता, आणि पद्धतीचे गोडवे गाणारे हा भाग बहुधा गाळतात. वर्गात कोणाला घ्यायचे हे जिथे शिक्षकच ठरवतो, तिथल्या यशावरून तुमच्या वर्गाविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही.

तरीही तुमच्या सरांचा तो एकच प्रश्न मला लाखमोलाचा वाटतो. फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकात असे विधान आहे, की कंटिन्युअस फलांच्या अभिसारी श्रेणीची (जिची बेरीज ठरावीक किमतीकडे जात राहते अशा श्रेणीची) बेरीजही कंटिन्युअसच असते. १८२६ मध्ये नॉर्वेचे गणिती आबेल यांनी साइनच्या एका श्रेणीचे उदाहरण देऊन या विधानाला अपवाद असल्याचे दाखवले. प्रत्येक बिंदूसाठी वेगवेगळी संख्या निवडायची मुभा आहे की सर्व बिंदूंना मिळून एकच संख्या पुरली पाहिजे, हा फरक तेव्हा पुरेसा स्पष्ट झालेला नव्हता. 'युनिफॉर्म' या विशेषणाची गरज पडली ती त्यातूनच. कोशींसारख्याला जिथे ठेच लागली तिथे दुसऱ्या वर्षाच्या वर्गाने एक तासिका अडून राहावे, यात मला तरी काही वावगे दिसत नाही. फळ्यावर सर्व काही उतरवून देणाऱ्या शिक्षकाकडे मी हाच भाग शिकलो, व्याख्या तोंडपाठ केली, आणि 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी' व 'असा एक डेल्टा' यांचा क्रम बदलला तर काय बिघडते हे मला एम.एस्सी.ला गेल्यावर उमगले.

गाईड बरे:

वरील प्रतिसाद वाचायला छान आहे, परंतु पेपर आबेल तपासणार नाहीत. ज्या मुलींनी तासाला येणे सोडले त्यांच्याविषयी त्यात एक ओळही नाही. जो विद्यार्थी धीट आहे किंवा ज्याच्या घरी विचारायला कोणी आहे, तो या पद्धतीत तरतो; बाकीचे मान खाली घालून बसतात आणि परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानातून कोणाच्या तरी जुन्या नोट्स आणतात. इंग्रजीतून सिद्धता कशी लिहायची याचा एकही नमुना समोर नसताना मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी ती लिहावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. विषय समजला आणि केटीही लागली (म्हणजे पेपर नापास होऊन मागे राहिला), असे होऊ शकते. मी असते तर सही केली असती.

तासिकेवरचा मास्तर:

मी तासिका तत्त्वावर गणित शिकवतो, म्हणून थोडी फळ्याकडची बाजू सांगतो. थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास धरले जातात, म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरला तीस. त्यातून चाचण्या, सुट्ट्या आणि महाविद्यालयाचे कार्यक्रम वजा केले की हातात जे उरते त्यात प्रत्येक प्रमेय मुलांकडून काढून घेणे अशक्य असते. मी स्वतः सीमा, सांतत्य (कंटिन्युइटी) आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी एवढ्याच ठिकाणी खडू मुलांच्या हातात देतो, कारण गोंधळ तिथेच होतो. बाकीचा भाग सरळ फळ्यावर शिकवून मोकळा होतो. 'गाईड बरे' यांचा नमुन्याविषयीचा मुद्दा मला पूर्ण पटतो. तोंडी सुचलेली युक्ती आणि कागदावर नीट मांडलेली सिद्धता यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर शिक्षकाने स्वतः लिहून दाखवल्याशिवाय सहसा कमी होत नाही.

अर्जाबाबत सांगायचे तर 'सर शिकवत नाहीत' हे वाक्य त्यात असू नये असे मला वाटते, कारण तुमच्याच वर्णनावरून ते खरे नाही. असे वाक्य कागदावर गेले की विभागप्रमुख खुलासा मागवतात, सर दुखावले जातात आणि उरलेले सत्र दोन्ही बाजूंनी ताणात जाते. नेमके काय हवे ते मागा: तासिकेच्या शेवटची दहा मिनिटे सरांनी त्या दिवसाची सिद्धता स्वतः फळ्यावर स्वच्छ लिहावी, विधाने एक दिवस आधी मिळावीत, फळ्यावर दोघांनी मिळून जायची परवानगी असावी, आणि उरलेल्या पोर्शनचे वेळापत्रक जाहीर व्हावे. शिवाय हा कागद विभागप्रमुखांकडे नेण्याआधी सरांच्या हातात द्या. शेवटच्या बाकावर बसून ऐकणारा माणूस बहुधा हेही ऐकून घेईल.

कोरी वही:

सर्वांचे आभार. वर्गप्रतिनिधीशी बोलले. शिक्षक बदलण्याची मागणी काढून वरच्या चार मागण्या घालायला तो तयार आहे, मात्र काही जणांना जुनाच मसुदा हवा आहे. नव्या मसुद्यावर मी सही करीन, जुन्यावर करणार नाही. दोघांनी मिळून फळ्यावर जाण्याची मागणी तासाला न येणाऱ्या मुलींपैकी एकीला दाखवली. तसे झाले तर येईन असे ती म्हणाली.

एक गणिती शंकाही आहे. सरांनी पुढचे विधान दिले आहे, की क्षचे वर्गमूळ हे फल शून्यापासून पुढे सर्वत्र युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे. शून्याजवळ त्याचा आलेख जवळजवळ उभा होतो, तेव्हा एकच डेल्टा सगळीकडे कसा पुरेल?

तासिकेवरचा मास्तर:

दोन वर्गमुळांची वजाबाकी त्यांच्या बेरजेपेक्षा कधीच मोठी नसते. वजाबाकीला बेरजेने गुणून पाहा आणि डेल्टा म्हणून एप्सिलॉनचा वर्ग घ्या. पुढचे फळ्यावर.