राणीचं फुलपाखरू: विकू द्यावं का?

सुरवंटप्रेमी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "क्वीन अलेक्झांड्रा बर्डविंग विकणाऱ्यांना फासावर द्या." डोकं फिरलं. साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातल्यामुळे परदेशी व्यापार केव्हाचाच बंद आहे. तरी जगातलं हे सर्वांत मोठं फुलपाखरू धोक्यात का? पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांताबाहेर ते मिळत नाही आणि तिथलं रान पामच्या लागवडीने खाल्लं. जमीन तिथल्या आदिवासी कुळांच्या मालकीची. उभ्या रानातून चार पैसे सुटले तरच ते राखतील ना? बाकीच्या जातींची बर्डविंग फुलपाखरं तिथले गावकरी सुरवंटांच्या खाण्याच्या वेली लावून वाढवतात, रीतसर विकतात. हिलाच सोवळं का?

आंबोलीकर: कारण वाढवलेलं कुठलं आणि रानातून उचललेलं कुठलं, हे कस्टमवाला कसं ओळखणार? १९०६ साली मीक नावाच्या संग्राहकाने हिची पहिली मादी बंदुकीने पाडली होती. हाव तेव्हापासूनची आहे.

सुरवंटप्रेमी: १९५१ ला तिथल्याच लॅमिंग्टन ज्वालामुखीने रानाचा मोठा तुकडा जाळला. त्याच्यावरही केस टाका.

चकलीवाली: पाम निघालाच आहे तर बोलते. जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करतो आपण. दिवाळीला फराळाचं पाकीट आणता ना? मागची बारीक अक्षरं वाचा.

आंबोलीकर: ताई, धागा फुलपाखराचा आहे.

चकलीवाली: ताई म्हणू नका. सासूबाईंनी जन्मभर घाण्याचं शेंगदाणा तेल वापरलं. परवा विकतची चकली खाल्ली, टाळूला मेणाचा थर!

रेशनकार्ड: आम्ही पामोलिनवरच वाढलो. २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत शिधा दिला, त्यातही पामतेलच. घाणा परवडणाऱ्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये.

चकलीवाली: मी गरिबांना बोललेच नाही!

रेशनकार्ड: मग कुणाला बोललात?

आंबोलीकर: तळण झालं असेल तर सांगतो. माझ्या कुंपणावर ईश्वरीचा वेल होता. गेल्या श्रावणात आपल्याकडची बर्डविंग मादी तासभर तिथेच. पानावर पाय आपटून चव घ्यायची, मग पानाखाली एकच अंडं, मोहरीपेक्षा जरा मोठं. पंधरवड्याने शेजाऱ्याने "रान माजलंय" म्हणत सुरवंटांसकट वेल उपटला. त्याला त्या वेलाचे पैसे मिळत असते तर... हो, नसता उपटला. झालं समाधान?

सुरवंटप्रेमी: स्क्रीनशॉट काढून ठेवला.

आंबोलीकर: फ्रेम करून लावा भिंतीवर. तुम्हाला सवय आहेच. विक्रीला माझा विरोध कायम.

रेशनकार्ड: चकलीवाली, यंदा तेल कुठलं?

चकलीवाली: ...सूर्यफूल. घाण्याचं परवडत नाही आता.