जर्मनीने दोन पासपोर्ट मान्य केले, पण भारताने नाही

ताई, जर्मन नवऱ्यासोबत जर्मनीत राहताना तिथलं नागरिकत्व घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. जून 2024 पासून जर्मनीत मूळ नागरिकत्व सोडावं लागत नाही, म्हणून दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतील असं तुम्ही लिहिलंय. अडचण आपल्या बाजूची आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे जर्मन नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. मग भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढायचं, म्हणजे परदेशी पासपोर्टवर भारतात हवं तेव्हा येऊन राहण्याची मुभा. पण हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क जातो.

काटोलच्या संत्र्याच्या बागेची काळजी मात्र काढून टाका. आईबाबांची शेती ओसीआयधारकालाही वारशाने मिळते, नवी विकत घेता येत नाही. आणि तसं तर भारतीय पासपोर्टवरही परदेशात राहताना शेतजमीन विकत घेता येतच नाही.

माझ्या मते खरा प्रश्न आईबाबांच्या म्हातारपणाचा आहे. नागपुरात वर्षभर राहावं लागलं तर? भारतीय पासपोर्टच ठेवला, तर जर्मनीतला कायम निवासाचा परवाना साधारणपणे सहा महिने जर्मनीबाहेर राहिल्यावर रद्द होतो. जर्मन नवऱ्यासोबत संसार सुरू असेल तर सूट आहे, पण ती लग्नावरच टिकून असते. जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर धरमपेठेत हवं तितकं राहा, परतीचं दार उघडंच. मी तुमच्या जागी असते तर हेच निवडलं असतं. मतदानाचा हक्क गमावण्याचं दुःख मोठं आहे, तरीही.

जावईबापूंनाही, लग्नाच्या नोंदणीला दोन वर्षं झाली असतील तर, ओसीआयसाठी अर्ज करता येतो. तो आताच करून टाका.