मदत हवी आहे: वीजवाहिनीच्या दोन मार्गांची तुलना कशी मांडू?

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, मामांची शेती डभोईकडे आहे. तिथून २२० केव्हीची लाईन जायची आहे. दोन मार्गांची चर्चा आहे. गावाचं म्हणणं लेखी द्यायचंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

पहिला मार्ग आखूड, पण कपाशी-तुरीच्या शेतांतून. तारांखालच्या ३५ मीटरच्या पट्ट्यात पीक घेता येतं, उंच झाडं मात्र ठेवता येत नाहीत. आजोबांनी बांधावर लावलेले चार आंबे नेमके त्यात येतात. मामी रोज त्यांच्याकडे बघून गप्प होते.

दुसरा मार्ग वळसा घालून वढवाणा तलावाजवळून. २०२१ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात पट्टकदंब हंस उतरतात. धुक्यात असे जड पक्षी तारांवर आदळतात, मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

झाडं, पक्षी, घरं, मनोऱ्याखालची जमीन एका तक्त्यात कशी मांडू? कशाला किती वजन द्यायचं? केंद्राच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, पट्ट्याला ३० टक्के मोबदला. पक्ष्यांचा हिशेब कुठे धरायचा? तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावून खरंच फरक पडतो का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया नमुना दाखवा.