पनिहार आणि महाराजपूरही बघा

कुणीतरी म्हटलंय की ग्वाल्हेरात युद्धस्मारक म्हणजे फूलबागेतली झाशीच्या राणीची समाधी, तासाभरात उरकतं. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले लोक पाहुण्यांना तेवढंच दाखवतो, म्हणून हा समज.

२९ डिसेंबर १८४३ ला इथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, महाराजपूर आणि पनिहार. ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे लहान, दरबारात भांडणं, आणि समोर ब्रिटिश सेनापती गफची फौज. महाराजपूरला शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडून पळ काढला नाही, तिथेच कापले गेले. इंग्रजांचेही मेलेले-जखमी धरून जवळपास ८०० गेले.

मी काकांबरोबर पनिहारला गेलो होतो, ऐन डिसेंबरात. शिवपुरी रस्त्याला सोडून आत वळलो तर नुसती पिवळीधमक मोहरी. काका बांधावर चप्पल काढून उभे राहिले. एका म्हाताऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "कौनसी लड़ाई, बाबूजी?"

आपल्या तोफा बघायच्या तर कोलकात्याला जा! त्या वितळवून हुगळीकाठच्या ग्वाल्हेर स्मारकाला वापरल्या, शिवाय सैनिकांना द्यायचे ताऱ्याच्या आकाराचे बिल्लेही त्याच धातूचे. जिंकणाऱ्यांचं स्मारक, आणि नाव मात्र आपल्या गावाचं.

जाणार असाल तर पाणी घेऊन जा, आत दुकान दिसलं नाही.