हँडहेल्डवर जुने स्ट्रीट रेसिंग गेम खेळायचेत, काय घेऊ?

क्लचप्लेट: पीसीवर नीड फॉर स्पीड मालिकेतलं मोस्ट वाँटेड (2005 वालं, 2012 वालं नाही) आणि अंडरग्राउंड 2 रात्र रात्र खेळलोय, आता टेबलाशी बसणंच होत नाही म्हणून हातात धरून खेळता येईल असं बघतोय. सोनीचा जुना हँडहेल्ड पीएसपी पडून आहे, त्यावर भागेल का पीसीचे गेम चालवणारा स्टीम डेकच घेऊ? मला शहरात उगाच भटकायला आवडतं आणि मागे पोलीस लागले पाहिजेत, ग्राफिक्सचं एवढं काही नाही.

निऑन_तात्या: पीएसपीवर नावाला भुलू नको राव. तिथलं मोस्ट वाँटेड 5-1-0 वेगळाच गेम आहे, ओपन वर्ल्ड नाहीच, मेनूतून रेस निवडा आणि पळवा. हां, त्यात आपणच पोलीस होऊन रेसर पकडायचा मोड आहे, तो भारी. अंडरग्राउंड रायव्हल्स पण मेनूवालंच. भटकायला कार्बन ओन द सिटी टाक नाहीतर मिडनाइट क्लब 3, त्यात सॅन डिएगो, अटलांटा, डेट्रॉइट तिन्ही शहरं आहेत, फक्त लोडिंगला जीव जातो.

हँडब्रेक: तेच दोन गेम फोनवर किंवा अँड्रॉइड हँडहेल्डवर पीपीएसएसपीपीमध्ये (पीएसपीचे गेम चालवणारं ॲप) चालवा, लोडिंग बरंच सुसह्य होतं आणि मूळ 480x272 चं चित्र वाढवताही येतं. टचवर मात्र खेळू नका, वळणावर अंगठा घसरतो आणि गाडी भिंतीत.

क्लचप्लेट: आणि प्लेस्टेशन 2 वालं मोस्ट वाँटेड अँड्रॉइडवर?

निऑन_तात्या: चालतं, पण प्रोसेसर दणकट पाहिजे, स्वस्तातल्या हँडहेल्डवर पाठलाग रंगात आला की फ्रेम पडतात, चित्र अडखळतं. त्यापेक्षा निन्टेंडोच्या गेमक्यूबवालं डॉल्फिनमध्ये (त्याचे गेम चालवणारं ॲप) बघ, माझ्याकडे तरी तेच हलकं चाललं.

टर्बोलॅग: ज्याला खरं 2005 वालं पाहिजे त्याने डेकच घ्यावा, माझं स्पष्ट मत. पीसीची डिस्क असेल तर आधी दुसऱ्या पीसीवर इन्स्टॉल करून फोल्डर कॉपी करा, मग स्टीममध्ये नॉन-स्टीम गेम म्हणून जोडून प्रोटॉन (विंडोजचे गेम डेकवर चालवणारी सोय) लावा. स्क्रीन 1280x800 आहे त्यामुळे वाइडस्क्रीन फिक्स (चित्र रुंद स्क्रीनला नीट बसवणारा पॅच) टाकाच, आणि लाँच ऑप्शनमध्ये डाइनपुट8 चा डीएलएल ओव्हरराइड (म्हणजे फिक्ससोबतची dinput8 फाइल वापर, असा आदेश) द्यायला विसरू नका, नाहीतर फिक्स फोल्डरमध्ये नुसता पडून राहतो आणि लोक म्हणतात चालत नाही.

क्लचप्लेट: डिस्क आहे माझी. मग डेक येईपर्यंत पीएसपीवर ओन द सिटी.

हँडब्रेक: आधी पीएसपीची बॅटरी फुगली नाही ना ते बघा, जुन्यांच्या फुगतात.