काचबिंदूने दृष्टी गेलेल्या वडिलांना बोलणारा फोन शिकवायचा आहे; सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वडील ७२ वर्षांचे असून कराडजवळच्या एका गावातून प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असल्याचे निदान फार उशिरा झाले. मोतीबिंदूच असेल, पिकला की काढून टाकू, असे म्हणत आम्ही चार वर्षे घालवली. आता उजव्या डोळ्याला केवळ उजेड आणि अंधार कळतो, आणि डाव्या डोळ्याला नळीतून पाहावे तसे समोरचे थोडेसे दिसते.

दिवाळीत मी त्यांना नवा फोन घेऊन दिला व त्यातील टॉकबॅक, म्हणजे पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारी सोय, सुरू करून दिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो कपाटात ठेवून दिला. "ही बाई माझे ऐकतच नाही, आपलेच बोलत राहते," असे त्यांचे म्हणणे. आई त्यांना पान वाढून देते, वर्तमानपत्र वाचून दाखवते, फोन लावून त्यांच्या कानाशी धरते. दादाचे मत असे की या वयात अण्णांना कशाला त्रास द्यायचा, आपण सगळे आहोतच ना. अमेरिकेतील आतेभाऊ कॅमेऱ्याचा, बोलणारा चष्मा पाठवतो म्हणत आहे. मागच्या महिन्यात बँकेत गेलो असता तेथील कर्मचाऱ्याने, खात्याला आईचे नाव जोडल्याशिवाय नवे चेकबुक मिळणार नाही, असे सांगितले. त्या दिवसापासून अण्णा फारसे बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, याचा बराच विचार केला. संध्याकाळी त्यांना अंगणात लहान मुले रांगेने उभी असलेली दिसतात. ती खरी नाहीत हे मला कळते, असे ते स्वतःच सांगतात. परंतु नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली आहे.

फोनची सुरुवात कोठून करावी, चष्मा मागवावा का, आणि घरच्यांना कसे समजवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : सहा ठिपके

मी स्वतः पूर्णतः अंध असून गेली सोळा वर्षे बँकेत नोकरी करतो. आधी बँकेचेच बोलू, कारण त्या दिवसापासून अण्णा गप्प आहेत असे आपण लिहिले आहे. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर यांपैकी कोणतीही सुविधा केवळ दृष्टी नाही या कारणावरून नाकारता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ च्या परिपत्रकातच बँकांना कळवलेले आहे. आपण शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, त्यात या परिपत्रकाचा उल्लेख करा आणि अर्जावर सही मात्र अण्णांनाच करू द्या. सहीच्या जागेवर जाड पुठ्ठ्याची खाच ठेवली की तिच्या आत सही सरळ येते; मी आजही एक जुने ओळखपत्र कापून केलेली चौकट पाकिटात बाळगतो.

आता फोन. आपण टॉकबॅक सुरू करून दिले, पण त्याबरोबर फोन हाताळण्याची रीतच बदलते, हे बहुधा त्यांना कोणी सांगितले नाही. डोळस माणूस एकदा टेकवतो आणि गोष्ट उघडते. येथे बोट फिरवले की बोटाखाली काय आहे ते ऐकू येते आणि उघडण्यासाठी पडद्यावर कोठेही दोनदा टेकवावे लागते. पान सरकवायला दोन बोटे लागतात. एक बोट उजवीकडे ओढले की पुढची गोष्ट, डावीकडे ओढले की मागची. ज्या बाईची अण्णांना तक्रार आहे, तिला गप्प करण्यासाठी अलीकडच्या फोनवर दोन बोटे एकदाच टेकवायची. माझा आग्रह असा की हीच गोष्ट सर्वांत आधी शिकवावी, कारण बाई आपल्या सांगण्यावरून थांबते हे कळल्याशिवाय माणसाला फोन आपला वाटत नाही.

दुसरे, आवाजाची भाषा तपासा. आवाज हिंदी ठेवलेला असेल तर मराठी मजकूर तो हिंदीच्या वळणाने वाचतो, आणि जन्मभर मुलांचे शुद्धलेखन तपासलेल्या गुरुजींना ते सहन होणे अवघड आहे. गूगलच्या वाचकात मराठी आवाज उपलब्ध आहे; तो उतरवून घ्या आणि वेग बराच कमी ठेवा.

पहिले पंधरा दिवस एकच काम द्यावे: आलेला फोन उचलणे आणि आपल्याला फोन लावणे. पडद्यावरील बाकीची चित्रे काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅप, बातम्या, पुस्तके हे सारे त्यानंतर. आणि ते चुकत असताना कोणीही त्यांच्या हातातून फोन घेऊ नये. हा माझ्या घरातला लिखित नियम होता. माझ्या आईने तो स्वतःच्या हाताने लिहून स्वयंपाकघरात लावला होता, कारण सर्वांत जास्त वेळा तीच मोडत असे.

चष्म्याविषयी: आत्ता नको. छापील मजकूर वाचणे किंवा समोरच्या वस्तूचे वर्णन करणे, ही कामे गूगलचे लुकआउट आणि मायक्रोसॉफ्टचे सीइंग एआय यांसारखी अ‍ॅप्स फोनच्या कॅमेऱ्याने विनामूल्य करतात. फोनच जमला नाही तर चष्माही कपाटातच जाईल.

प्रतिसाद २ : अंगणवेल

माझ्या यजमानांची दृष्टी मधुमेहामुळे वयाच्या ५८ व्या वर्षी गेली, त्याला आता नऊ वर्षे होतील. आपल्या आई जे करत आहेत, ते मी पहिली दोन वर्षे केले. पाणी हातात, चप्पल पायाशी, शर्टाची बटणेसुद्धा मीच लावत असे. लोक कौतुक करत आणि मलाही ते आवडत असे, हे येथे नाव न सांगता लिहीत असल्यामुळे कबूल करते. एकदा मला तापाने चार दिवस अंथरूण धरावे लागले, तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जाऊन स्वतःपुरता चहा केला आणि मलाही आणून दिला. साखर दुप्पट पडली होती. त्या चहानंतर मी हात मागे घेतला.

म्हणून आपल्या आईंना "तुम्ही चुकता" असे सांगू नका. त्यांच्याकडे दुसरे काम सोपवा: घरातील वस्तूंच्या जागा ठरवणे आणि त्या कोणालाही बदलू न देणे. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असावे. अर्धवट उघड्या दाराची कड यजमानांच्या कपाळाला दोनदा लागली आहे. खोलीत आल्यावर आपण कोण ते सांगावे आणि बाहेर जातानाही सांगावे, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो आणि नंतर त्याला त्याची फार लाज वाटते. ताटातील पदार्थ घड्याळाप्रमाणे सांगता येतात: बारावर भाजी, तीनवर आमटी, सहावर भात. चालताना त्यांचा दंड धरून पुढे ढकलू नये. त्यांनी आपल्या कोपराच्या वर धरावे आणि अर्धे पाऊल मागून यावे, म्हणजे पायरी आली की आपल्या शरीराच्या हालचालीवरूनच त्यांना ती कळते.

नोटांचे म्हणाल, तर पन्नासपासून पाचशेपर्यंत सर्व नव्या नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर असून केवळ लांबी बदलते, आणि शंभर व दोनशेच्या नोटेत फक्त ४ मिलिमीटरचा फरक आहे. यजमान शंभरची नोट एकदा दुमडतात, दोनशेची दोनदा दुमडतात आणि पाचशेची वेगळ्या कप्प्यात ठेवतात. रिझर्व्ह बँकेचे मणि नावाचे अ‍ॅप नोट ओळखून सांगते, त्याला इंटरनेट लागत नाही. पण भाजीवाल्यासमोर फोन काढण्यापेक्षा घडी बरी, असे त्यांचे म्हणणे.

प्रतिसाद ३ : नेत्रसेवक

मी अल्पदृष्टी विभागात काम करतो. अंगणात दिसणाऱ्या मुलांविषयी आधी लिहितो, कारण त्यापायी आपल्या घरात विनाकारण भीती पसरली आहे. दृष्टी मोठ्या प्रमाणात कमी झालेल्या व्यक्तींना नक्षी, चेहरे, माणसे, कधीकधी लहान मुले दिसतात, याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने स्वतःच्या आजोबांना असे दिसत असल्याचे १७६० साली नोंदवून ठेवले. डोळ्यांकडून येणारी माहिती घटली की मेंदूचा दृष्टीचा भाग स्वतःच चित्रे तयार करतो, असे याचे कारण सांगितले जाते. दिसते ते खरे नाही, हे अण्णांना स्वतःला कळते; आपण हे लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. तरीही पुढच्या तपासणीत डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण इतर कारणे वगळून घ्यावी लागतात. दिवा लावणे, डोळ्यांची उघडझाप करणे, नजर दुसरीकडे वळवणे, यांनी ही चित्रे अनेकदा निघून जातात.

काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखण्यासाठी थेंब नियमित घालणे अनिवार्य आहे. दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. एका बाटलीला रबरबँड गुंडाळला की त्या स्पर्शाने वेगळ्या ओळखता येतात आणि औषधाचा हिशेब अण्णांकडेच राहतो. घरात भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाची बटणे, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आणि भातासाठी गडद रंगाचे ताट, एवढ्यानेही उरलेल्या नजरेचा चांगला उपयोग होतो. स्टीलच्या चकाकत्या ताटात पांढरा भात शोधणे त्यांना खरोखर कठीण जात असेल.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबाबत एक चूक वारंवार होते. काचबिंदूचा रुग्ण तक्त्यावरची अक्षरे वाचतो, म्हणून त्याला "तुमची नजर ठीक आहे" असे सांगून परत पाठवले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दृष्टिक्षेत्राचाही, म्हणजे नजर स्थिर ठेवून आजूबाजूचे किती दिसते याचाही, विचार आहे: क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्वात, आणि ४० अंशांपेक्षा कमी पण १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टीत मोडते. फील्ड टेस्टचा, म्हणजे या दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा, अहवाल सोबत न्या.

शेवटी, आपण आणि आपले बंधू यांनी डोळ्यांतील दाब व डोळ्यांची नस तपासून घेतली आहे का? काचबिंदू असलेल्या व्यक्तीच्या मुलांना व भावंडांना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

प्रतिसाद ४ : शंकेखोर

वरील सल्ले चांगले असले तरी एका गोष्टीला माझा विरोध आहे. फोन जमू लागला की पुढची पायरी पैशांच्या व्यवहाराची येते. माझ्या वडिलांना डोळे धड असतानाही एकाने बोलण्यात गुंतवून फोनचा पडदा त्याला दिसेल असे अ‍ॅप घ्यायला लावले आणि चाळीस हजार रुपये गेले. ज्यांना दिसत नाही, त्यांच्या हाती हे देणे म्हणजे जोखीम आहे.

प्रतिसाद ५ : सहा ठिपके

आपल्या वडिलांची फसवणूक झाली याचे वाईट वाटते. परंतु ती डोळ्यांच्या वाटेने झाली नाही, कानांच्या वाटेने झाली, हे आपणच लिहिले आहे. व्यवहारासाठी वेगळे खाते ठेवून त्यात दोन-तीन हजारच ठेवावेत आणि पिन टाकताना इअरफोन लावावा, म्हणजे आकडे शेजाऱ्याला ऐकू जात नाहीत. अडचण खरी कोठे येते, तर ओळख पटवताना "डोळे मिचकावा" असे सांगणाऱ्या प्रक्रियेत. ती सर्वांना करता येईल अशी बदलावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात स्पष्ट सांगितले आहे.

कृष्णाकाठ, आपल्याला पुढे एक अडथळा येईल म्हणून आधीच लिहून ठेवतो. शाळेची जुनी परिपत्रके, निवृत्तिवेतनाचे कागद हे अनेकदा युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फॉण्टमध्ये असतात. डोळ्यांना ते मराठी दिसतात, पण टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर त्यांतून अर्थहीन रोमन अक्षरे वाचतो. अण्णांना वाटेल की चूक आपलीच झाली. अशा वेळी त्या पानाचा फोटो काढून त्यावरून मजकूर ओळखून घ्यावा. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे २०१६ पासून सुरू असलेले ऑनलाइन ग्रंथालय आहे. सदस्यत्वासाठी दिव्यांगत्वाचा पुरावा लागतो, म्हणजे नेत्रसेवक यांनी सांगितलेले प्रमाणपत्र तेथेही कामी येईल.

प्रश्नकर्ती : कृष्णाकाठ (सात आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे. बँकेने अर्ज दिल्यावर नवव्या दिवशी चेकबुक दिले. सही पुठ्ठ्याच्या खाचेत झाली, थोडी खाली गेली, पण जुळली. मुलांच्या रांगेबद्दल डॉक्टरांनी नेत्रसेवक यांच्याप्रमाणेच सांगितले. दादाच्या डोळ्यांतील दाब वाढलेला निघाला असून त्याचे थेंब सुरू झाले आहेत. अण्णांना त्रास देऊ नये, हा मुद्दा त्याने त्यानंतर काढलेला नाही.

फोनचे मात्र सगळे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला चुकून अकरा वेळा आणि आमच्या दूधवाल्याला रात्री साडेदहाला फोन लावला. दोन बोटांनी बाईला गप्प करणे त्यांना सर्वांत आवडले, ते दिवसभर तेच करत बसत. आईकडून नियम अजून दिवसातून दोनदा तरी मोडतो. परवा त्यांनी बोलून लिहिण्याची सोय वापरून मला पहिला संदेश पाठवला. त्यात "काळजी" हा शब्द फोनने "काजळी" असा लिहिला होता. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला: बाईने वाचून दाखवताना चूक कळली, ती दुरुस्त कशी करायची ते सांग.

सहा ठिपके, लिहिलेल्या मजकुरात एकेक अक्षर मागे कसे जायचे, हे कृपया सविस्तर कळवावे. मी विचारत आहे असे त्यांना सांगितलेले नाही.